आहार्याचे मोल

आपल्या चुकांची नोंद ठेवण्याची प्रथा परीक्षकांमध्ये नाही. उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर परीक्षकाचे प्रमादही दृष्टीआड होतात. २०१९ साली माझ्या हातून घडलेला एक प्रमाद मात्र माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. त्याची हकीगत येथे सांगण्याचे कारण असे की, एखाद्या कृतीचे मोल आपण नेमके कशावरून ठरवतो, या आपल्या सर्वांच्याच प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. तो संबंध मला ज्या वाटेने उमगला ती वाट अनपेक्षित आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. मोबाइल फोनवर खेळल्या जाणाऱ्या एका जपानी खेळातील कार्डांवरून ती जाते.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये टोकियोतील एका विद्यापीठात एका सत्रापुरता अभ्यागत अध्यापक म्हणून मी गेलो होतो. ‘महाभारताची आधुनिक रूपे’ हा ऐच्छिक विषय मला शिकवावयाचा होता. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’, शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’, पीटर ब्रूकचे नाट्यरूप अशी सामग्री मी बरोबर नेली होती. पहिल्या तासाला बारा-तेरा विद्यार्थी जमले. हा विषय का निवडला, असे मी प्रत्येकाला विचारले. संस्कृतची आवड, भारतप्रवास, योगाभ्यास अशी उत्तरे येतील असा माझा होरा होता. निम्म्याहून अधिक मुलामुलींनी एकच शब्द उच्चारला: ‘कर्ण’. क्षणभर मला धन्य वाटले. मागाहून कळले की, हा कर्ण त्यांना व्यासांकडून मिळालेला नव्हता. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ नावाच्या खेळातून मिळालेला होता.

हा खेळ जपानमध्ये जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. जगातील इतिहासपुराणांतले वीर येथे पुन्हा अवतरतात आणि खेळणाऱ्याच्या आज्ञेने लढतात. त्यांत आर्थर राजा आहे, गिल्गमेश आहे. आपल्याकडचे राम, अर्जुन आणि कर्णही आहेत. मी टोकियोत असतानाच, जून २०१९ मध्ये, त्या खेळाचा ‘युगक्षेत्र’ हा भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला खंड प्रसिद्ध झाला आणि त्यात अश्वत्थाम्याबरोबर खड्गधारी लक्ष्मीबाई अवतरली. नेवाळकरांच्या घरची सून, मोरोपंत तांब्यांची कन्या, टोकियोच्या भुयारी रेल्वेत शेजारच्या प्रवाशाच्या तळहातावर तलवार परजताना पाहून मराठी माणसाच्या मनात काय आले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रत्येक वीराजवळ त्याच्या आख्यायिकेतून आलेले एक महास्त्र असते. जपानीत त्याला ‘होगू’ म्हणतात. वीराच्या शक्तीची एक पट्टी असते. ती शंभर टक्के भरली म्हणजे हे अस्त्र सोडता येते. कर्णाचे अस्त्र अर्थातच वासवी शक्ती. आता या वीरांना मिळवावयाचे कसे? येथे ‘गाचा’ हा शब्द येतो. नाणे टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी खाली पडते, अशी यंत्रे जपानमध्ये जागोजागी दिसतात. त्या मुठीच्या खडखडाटाचा हा ध्वन्यनुकारी शब्द. खेळात ‘पवित्र स्फटिक’ नावाचे चलन असते. ते थोडेफार खेळून मिळते, पुष्कळसे पैसे देऊन मिळते. तीन स्फटिकांना एक सोडत. तीस दिले तर अकरा सोडती. पाच ताऱ्यांचा वीर मिळण्याची शक्यता शंभरात एक. शंभर सोडती काढल्या म्हणजे एक तरी मिळेलच असा समज सहज होतो. परंतु गणित सांगते की, शंभर सोडतींनंतरही रित्या हाताने परतणारे शंभरात छत्तीस-सदतीस असतात. या प्रकारातील काही योजना इतक्या मोहक ठरल्या होत्या की, सोडतीतून निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत नियमबाह्य असल्याचे जपानच्या ग्राहकविषयक शासकीय यंत्रणेला २०१२ साली स्पष्ट करावे लागले. बाकीची सोडत राहिली.

त्याच सोडतीतून वीरांबरोबर आणखी एक वस्तू निघते, आणि माझ्या हकीगतीचा विषय तीच आहे. ही वस्तू म्हणजे एक चित्रित कार्ड. ते वीराच्या अंगी चढवावयाचे असते. सर्वसाधारण वीराला एका वेळी एकच कार्ड धारण करता येते. प्रत्येक कार्डाचा एक गुण असतो: एखादे आरंभीच शक्तीची पट्टी अंशतः भरून देते, एखादे अस्त्राचा आघात वाढवते, एखादे जखम भरून काढते. जपानीत त्याचे नाव ‘गाइनेन रेइसो’. ‘गाइनेन’ म्हणजे संकल्पना आणि ‘रेइसो’ म्हणजे विधिप्रसंगी परिधान करावयाचा वेष. इंग्रजी आवृत्ती २०१७ साली निघाली तेव्हा या शब्दाचे ‘क्राफ्ट एसेन्स’ असे भाषांतर करण्यात आले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. मूळ शब्द वस्त्राचा, भाषांतर साराचे. जे बाहेरून अंगावर चढते त्याला अनुवादकाने आतला अर्क केले. भरतमुनींच्या परिभाषेत बोलावयाचे तर जे आहार्य होते ते एका भाषांतरात सात्त्विक होऊन बसले. मी हे वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले. मुले हसली. पहिल्या रांगेतील एक मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “सर, कर्णाचे कवच मग वेष की सार?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ सुचले नाही. कवचकुंडले जन्मजात, म्हणजे सहज. परंतु ती सोलून देता येतात, म्हणजे आहार्यही. पुढच्या आठवड्यात तिने आपली एक वही मला आणून दाखवली.

त्या वहीत खेळातील कार्डांचे मूल्यमापन होते. असे मूल्यमापन अनेक खेळणारे करतात, आणि त्यांतील बहुतेकांचा कल ताऱ्यांकडे असतो: पाच ताऱ्यांचे कार्ड उत्तम, चारांचे मध्यम, तिनांचे इतर कार्डांना पोसण्यासाठी मोडीत घालावयाचे. या मुलीच्या वहीत ताऱ्यांना रकानाच नव्हता. तीन रकाने होते: हे कार्ड काय करते, कोणाच्या अंगी, केव्हा. खर्चाची नोंदही ती ठेवी, पण दुसऱ्या वहीत. दोन वह्या का, असे विचारल्यावर ती म्हणाली की, या दोन वह्यांनी एकमेकींना पाहू नये अशी तिची इच्छा आहे. मला हा बालिश विक्षिप्तपणा वाटला.

तिच्या पद्धतीची दोन उदाहरणे देतो. ‘कॅलिडोस्कोप’ नावाचे पाच ताऱ्यांचे कार्ड खेळाच्या आरंभापासून सर्वांच्या इच्छेचा विषय आहे. ते धारण केले की युद्धाच्या आरंभीच शक्तीची पट्टी ऐंशी टक्के भरलेली असते. त्याच कार्डाच्या पाच प्रती मिळवून त्या एकमेकींत मिसळल्या तर पूर्ण शंभर टक्के. तेच काम काहीसे कमी प्रमाणात करणारी चार ताऱ्यांची कार्डे आहेत. ती साठ टक्के भरतात. ताऱ्यांकडे पाहणारा म्हणेल की, ऐंशी हे साठांहून श्रेष्ठ. ती मुलगी विचारी, शेजारी कोण उभा आहे? चुगे लियांग हा चिनी सेनानीतिज्ञ सोबत असेल तर तो आपल्या तीन कौशल्यांनी एका सहकाऱ्याची पट्टी पन्नास टक्क्यांनी भरू शकतो. मग ऐंशी अधिक पन्नास आणि साठ अधिक पन्नास या दोन्ही बेरजा शंभराच्या पुढे जातात, आणि ज्या वीराचे अस्त्र पहिल्याच पायरीवर आहे त्याची पट्टी शंभरावर थांबते. जास्तीचे सांडून जाते. शिवाय प्रत्येक कार्डाला वजन असते, पाच ताऱ्यांच्या कार्डाला बारा आणि चार ताऱ्यांच्या कार्डाला नऊ, आणि सैन्याच्या एकूण वजनाला मर्यादा असते. अशा प्रसंगी कनिष्ठ समजले जाणारे कार्डच सरस ठरते, कारण ते तेच काम करते आणि तीन अंश वाचवते.

दुसरे उदाहरण ‘काळ्या पवित्र चषका’चे. हे कार्ड अस्त्राचा आघात साठ टक्क्यांनी वाढवते आणि त्याचा दंड म्हणून दर फेरीला धारण करणाऱ्याचे पाचशे प्राणांश हिरावून घेते. साठ टक्के ही संख्या मोठी दिसते. परंतु खेळाच्या गणितात काही वाढी एकमेकींत मिळवल्या जातात आणि काही एकमेकींनी गुणल्या जातात. ज्या वीराजवळ त्या जातीची दुसरी वाढ नाही त्याच्या बाबतीत एकाचे एक पूर्णांक सहा होतात; लाभ खरोखर साठ टक्के. ज्याच्याजवळ त्याच जातीची पन्नास टक्के वाढ आधीच आहे त्याच्या बाबतीत दीडाचे दोन पूर्णांक एक होतात. लाभ चाळीस टक्केच. कार्डावर लिहिलेली संख्या तीच आहे. धारण करणाऱ्याजवळ आधी काय आहे यावरून तिचा अर्थ बदलतो. जे त्याच्याजवळ नाही ते देणारे कार्ड त्याच्यासाठी मौल्यवान, असा त्या मुलीचा निष्कर्ष होता.

हे वाचताना मला क्षेमेंद्राची आठवण व्हावयास हवी होती. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने ‘औचित्यविचारचर्चे’त हेच सांगितले आहे: कंठात मेखला आणि कटीवर हार घातला तर हसे होते. अलंकाराचा दोष अलंकारात नसतो, स्थानात असतो. वामनाने त्याच्याही आधी गुण आणि अलंकार यांत भेद केला होता. गुण शोभा निर्माण करतात, अलंकार ती वाढवतात. म्हणजे अलंकाराचे कार्य गुणकाराचे; ज्याला गुणावयाचे ते शून्य असेल तर कितीही मोठा अलंकार व्यर्थ. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलीने वामन किंवा क्षेमेंद्र वाचलेला नव्हता. मी दोघांनाही वाचले होते, आणि तरीही त्या वहीत ते मला दिसले नाहीत. ती वही मी खेळाची वही म्हणूनच चाळली.

जुलैच्या अखेरीस सत्रान्त निबंध आले. तिच्या निबंधाचा विषय होता ‘पहिल्या फेरीतील वासवी शक्ती’. तिचे प्रतिपादन थोडक्यात असे. महाभारतात इंद्र कर्णाकडून कवचकुंडले नेतो आणि त्यांच्या बदल्यात देतो ती शक्ती एकदाच वापरता येणारी असते. एका बलाढ्य शत्रूचा वध करून ती इंद्राकडे परत जावयाची. त्या क्षणापासून कर्णाची सारी कथा ‘केव्हा’ या प्रश्नाभोवती फिरते. अर्जुनासाठी राखलेले अस्त्र त्याला द्रोणपर्वातील रात्रियुद्धात घटोत्कचावर सोडावे लागते, आणि कृष्णाला हर्ष होतो. खेळात मात्र कर्णाच्या अंगी पूर्ण कॅलिडोस्कोप चढवला की तो पहिल्याच फेरीत वासवी शक्ती सोडतो. पट्टी पुन्हा भरली तर पुन्हा सोडतो. कार्डाने कर्णाला अधिक समर्थ केले आहे. पण प्रतीक्षा हेच ज्याचे चरित्र त्याची प्रतीक्षा काढून घेतली आहे. म्हणून कर्णाच्या अंगी हे कार्ड चढवणे म्हणजे इंद्राचे कृत्य उलट दिशेने करणे होय: इंद्राने कवच काढून शक्ती दिली, कार्ड शक्ती वाढवून काळ काढून घेते. निबंधाच्या शेवटी तिने आपल्या पद्धतीप्रमाणे तीन रकाने भरले होते. काय करते: सर्व काही. कोणाच्या अंगी: कर्णाखेरीज कोणाच्याही. केव्हा: ज्याला ‘केव्हा’ हा प्रश्न नाही त्याच्या बाबतीत केव्हाही.

या निबंधाला मी उत्तीर्णांमधील सर्वांत खालची श्रेणी दिली. शेरा लिहिला की, विषयाचे गांभीर्य राखलेले नाही, पूर्वसूरींच्या संशोधनाचा आधार नाही, आणि साहित्यकृतीऐवजी करमणुकीच्या साधनाची चर्चा केली आहे. शेऱ्यातील एकही विधान सर्वस्वी खोटे नव्हते. त्याच गठ्ठ्यातील दुसऱ्या एका निबंधाला मी वरची श्रेणी दिली. त्यात चाळीसेक संदर्भ नीटनेटके लावलेले होते. त्या निबंधात काय म्हटले होते ते आज मला आठवत नाही.

येथे मला माझ्या दुसऱ्या वहीबद्दल सांगितले पाहिजे, म्हणजे खर्चाच्या. जूनमध्ये टोकियोत पाऊस लागतो. अतिथिगृहाच्या खोलीत संध्याकाळी करण्यासारखे फारसे नसे. विद्यार्थ्यांची भाषा कळावी या सबबीखाली मीही तो खेळ फोनवर घेतला होता. मला कर्ण हवा होता. एका रात्री मी दोन आठवड्यांच्या जेवणखर्चाइतकी रक्कम देऊन स्फटिक घेतले आणि एकशेदहा सोडती काढल्या. कर्ण आला नाही. पाच ताऱ्यांचा कोणताच वीर आला नाही. तिघांतील एकावर ही पाळी येतेच, हे गणित मी दुसऱ्या दिवशी मांडले, आदल्या दिवशी नव्हे. पाच ताऱ्यांची काही कार्डे आली आणि त्यांत काळा चषक होता.

त्यानंतर मी काय केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. तो चषक मी दिसेल त्याच्या अंगी चढवला. ज्यांना जखमा भरणारे कार्ड हवे होते त्यांना चषक. ज्यांची पट्टीच भरत नव्हती आणि म्हणून ज्यांच्या अस्त्राची पाळीच येत नव्हती, त्यांनाही चषक. दर फेरीला पाचशे प्राणांश गमावत माझे वीर पडत होते, आणि मी मनाशी म्हणत होतो की, कार्ड उत्तम आहे, वीर कमी पडतात. मी कार्डाचे मोल करीत नव्हतो. त्या रात्रीच्या रकमेचे समर्थन करीत होतो. आमच्या आजीच्या काळी दागिना मोडावयास नेला की सोनार घडणावळ वजा करून सोन्याचे पैसे देई. आजी म्हणे, घडणावळ आपण दिली तेव्हाच गेली, ती तराजूत बसत नाही. मी ती तराजूत बसवीत होतो.

महाभारतानेच याही गोष्टीची सोय करून ठेवली आहे. वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतात सर्वस्व गमावलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बिभीतकाच्या झाडाकडे पाहून ऋतुपर्ण त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो आणि त्याच क्षणी नलाच्या शरीरात बसलेला कली बाहेर पडतो. फाशांच्या खेळासाठी लागणारे फळ बिभीतकाचेच, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेतील शहाणपण अधिक स्पष्ट होते. मोजता आले की झपाटलेपण उतरते. त्या मुलीच्या दोन वह्या म्हणजे तिचे अक्षहृदय होते. कार्डाचे काम आणि कार्डासाठी मोजलेली किंमत या दोहोंची गाठ पडली की कली शिरतो, हे तिला वीस-बाविसाव्या वर्षी कळले होते.

हे मला टोकियोत कळले नाही. मी भारतात परतलो. खेळ फोनवर राहिला. कर्ण नाही, पण एका फुकटच्या सोडतीत लक्ष्मीबाई आली, आणि चार तारेच असलेल्या त्या लक्ष्मीबाईबरोबर मी कधीमधी चार-दोन लढाया करीत राहिलो. ऑगस्ट २०२१ मध्ये खेळात एक नवीन सोय आली. वीराला आता जादा कौशल्ये शिकवता येऊ लागली, आणि त्यांतील एक पूर्ण शिकवले की युद्धारंभी पट्टी आपोआप वीस टक्के भरू लागली. त्या दिवसापर्यंत कॅलिडोस्कोपची एकच प्रत असणारा माणूस स्वतःला अपुरा समजत असे. पाच प्रतींशिवाय शंभर होत नसत. आता ऐंशी अधिक वीस म्हणजे शंभर. कार्डावरचे एक अक्षर बदलले नव्हते, एक रेषा बदलली नव्हती. बदलले होते ते धारण करणारे, आणि त्यांच्या बदलण्याने कार्डाचे मोल बदलले.

ही बातमी वाचत असताना मला एकाएकी त्या निबंधाची आठवण झाली. निबंध तोच होता. मला जे कळत नव्हते ते आता कळू लागले होते, म्हणून त्याचे मोल बदललेले दिसत होते. फरक एवढाच की, कार्डाच्या बाबतीत मोल खरोखर नव्याने निर्माण झाले होते, आणि निबंधाच्या बाबतीत ते पहिल्यापासून होते. मी संगणकातून निबंध काढून पुन्हा वाचला. चाळीस संदर्भांच्या निबंधाला मी तारे मोजून श्रेणी दिली होती आणि या निबंधालाही तारे मोजूनच नाकारले होते. त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. ज्या आठवड्यात मी ‘विषयाचे गांभीर्य’ हे शब्द लिहिले त्याच आठवड्यात मी रात्री फोनवर चषक कोणाच्या अंगी चढवावा या विवंचनेत होतो. त्या खेळाची मला आतून लाज वाटत होती, आणि ती लाज मी तिच्या निबंधाच्या खात्यावर टाकली. तिची श्रेणी माझ्या खर्चाच्या वहीत पाहून लिहिली गेली होती.

मी त्या विद्यापीठाला पत्र लिहिले. श्रेणी अंतिम झालेली आहे आणि विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडलेली आहे, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. नियमाने ते बरोबरच होते. मग मी तिला लिहिले, चूक मान्य केली, निबंध माझ्या वर्गात वाचावयास द्यावा काय अशी अनुमती मागितली. तिचे उत्तर चार ओळींचे होते. निबंध अवश्य द्यावा. श्रेणीचे तिला फारसे वाटले नव्हते. तो निबंध कदाचित त्या वर्गात, त्या वर्षी, त्या परीक्षकाच्या हाती शोभणारा नव्हता. तीन रकाने पुन्हा भरून तिने माझ्याकडे पाठवले होते. त्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच तो फटका अधिक लागला. एक गोष्ट तिने लिहिली नव्हती, ती मी जाणतो: परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्याच्या गुणपत्रकावर ती श्रेणी दिसते. तिने असा अर्ज केला होता की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

सध्या मी आपल्याच देशातील एका विद्यापीठात अभ्यागत म्हणून शिकवतो आणि निवडीच्या, छाननीच्या बैठकांना बसतो. तेथे माणसांच्या अंगची कार्डे आमच्यापुढे मांडलेली असतात: पदव्या, प्रकाशने, चर्चासत्रे, प्रत्येकासमोर अंक. अंक टाळता येत नाहीत; वशिल्याला आळा घालण्यासाठी ते आले आहेत आणि त्यांचा तेवढा उपयोग आहे. परंतु एखाद्या लेखाने काय केले, कोणाच्या हाती, केव्हा, हे तीन प्रश्न विचारण्याआधीच बेरीज पूर्ण झालेली असते. भाषांतर करणाऱ्याला मूळ लेखनाच्या तक्त्यावर तोलले जाते. लहान भाषेत प्रथमच काही घडवणाऱ्याला मोठ्या भाषेतील सराईताच्या शेजारी उभे केले जाते. जो विभाग ज्या गोष्टीला मुकलेला आहे ती देणारा माणूस त्या विभागासाठी मौल्यवान, एवढे साधे गणित मांडावयाचे तर आधी विभागाजवळ काय आहे ते पाहावे लागते. मी आता माझ्या टिपणवहीत तीन रकाने आखून बसतो. सहकारी विचारतात तेव्हा, ही एक जुनी जपानी पद्धत आहे, असे सांगतो. तिचे खरे वय सांगितले तर ती वही ते माझ्यासारखीच चाळतील.

त्या खेळात एका जातीचे कार्ड सोडतीतून कधीच निघत नाही. एखाद्या वीराबरोबर दीर्घकाळ लढत राहिले की स्नेहाची एकेक पायरी चढते, आणि दहावी पायरी गाठली की तो वीर एक कार्ड देतो. ते दुसऱ्या कोणाच्या अंगी चढवता येते, पण लागू पडत नाही. त्याचा गुण त्याच वीराच्या अंगी प्रकट होतो. पुष्कळ खेळणारे त्याला बेताचेच मानतात, आणि त्यांच्या हिशेबाने ते योग्यही असेल. लक्ष्मीबाईने दिलेले असे एक कार्ड माझ्याजवळ आहे. वेष की सार, या त्या मुलीच्या प्रश्नाला मला आज सुचणारे उत्तर त्या कार्डाच्या आसपास कोठेतरी आहे: जे बाहेरून येते पण एकाच्याच अंगी लागते, त्याला आहार्य म्हणावे की सहज, हे ठरवण्यासाठी धारण करणाऱ्याला ओळखावे लागते. परीक्षकाचे कामही तेवढेच असावे.

तिचा निबंध मी दरवर्षी वर्गात वाचावयास देतो. विद्यार्थी त्यावर भांडतात. कर्णाच्या अंगी ते कार्ड चढवावे की नाही यावर दोन तट पडतात आणि तास संपला तरी कोणी उठत नाही. टोकियोतील गुणपत्रकावरची श्रेणी मात्र जी होती तीच आहे.